चष्म्यातलं तोंड

मी नवऱ्याला शिव्या घालत होते आणि तो माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होता.

शिव्याही साध्यासुध्या नव्हत्या. कोल्हापूरच्या बसस्थानकावर माइकसमोर बसून गाड्या पुकारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ड्रायव्हर-कंडक्टरांच्या तोंडून जे जे कानावर पडलं, ते सगळं माझ्याकडे शिल्लक आहे. कारणही तसंच होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं, ऋतुजाचं, सांगलीला डोहाळजेवण होतं आणि मी जाणार नाही हे घरात स्वच्छ सांगून टाकलं होतं. ओटी भरायला बायका जमणार, प्रत्येक जण माझ्या तोंडाकडे एकदा बघणार आणि मग दिवसभर बघायचं टाळणार. ते मला नको होतं. आणि या गृहस्थानं तिला परस्पर मेसेज टाकला होता, 'आम्ही येतो. हर्षदा मजेत आहे.'

मजेत म्हणे.

धैर्यशील नुकताच कारखान्यातून आला होता. त्यानं चहात खारी बुडवली, माझ्या ओठांकडे बघत माझं सगळं भाषण संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "बोल, बोल. बरं वाटतं. पहिल्यासारखी बोलायलीस."

मग चष्मा टेबलावर काढून ठेवला आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेला.

माझ्या नवऱ्याला जन्मापासून ऐकू येत नाही. शिरोलीच्या एका कारखान्यात तो लेथवर काम करतो. समोरच्याचे ओठ वाचून बोलणं समजून घेतो आणि स्वतः बोलतोही, जरा जाड आवाजात, पण ओळखीच्या माणसाला सगळं कळतं. दुसऱ्याला मुद्दाम टोचून हसेल असा तो नाही. त्यामुळे मी गोंधळले. एवढं ऐकवल्यावर माणूस असा खुशीत कसा राहतो, त्याला चष्म्यातून मी दिसते तरी कशी, हे मला बघायचंच होतं. मी तो चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बेसिनच्या आरशासमोर उभी राहिले.

आरशात माझं ऑपरेशनच्या आधीचं तोंड होतं. खरं म्हणजे त्याहूनही नेटकं. उजवा गाल भरलेला, हनुवटी मधोमध, खालचा ओठ सरळ. मी दात विचकले. आरशातली बाई शांत राहिली. मघाच्याच शिव्या मी पुन्हा पहिल्यापासून दिल्या, तर तिच्या ओठांनी त्यातला शब्द अन् शब्द सुबक उच्चारून दाखवला, आणि कोपरे जरासे वर उचललेलेच ठेवले. डोळे तेवढे माझे होते, संतापलेले, आणि त्यांच्या खाली बक्षीस समारंभातलं तोंड.

मग मला रडू आलं. पाणी पापणीच्या कडेपर्यंत दिसलं आणि त्या कोरड्या ठणठणीत गालाखाली नाहीसं झालं.

हे तोंड कुठून आलं ते आता सांगते. दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेले, त्यांनी फोटो काढला आणि मला मिरजेला पाठवलं. तिथे जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर शबाना मुजावर भेटल्या. उजव्या जबड्यात गाठ होती. कर्करोग नव्हता, पण हाड आतून पोखरत चालली होती आणि ते हाड काढल्याशिवाय थांबणार नव्हती.

डॉक्टरांनी मला आणि धैर्यशीलला समोर बसवून सगळं समजावलं. त्याच्याकडे तोंड करून, सावकाश. स्कॅनवरून संगणक कवटीची हुबेहूब प्रतिकृती करतो. डावी बाजू चांगली आहे, तर तिचंच आरशातलं रूप काढून उजवीकडे ठेवायचं. तो आपला नकाशा. मग पायातल्या नडगीशेजारचं बारीक हाड घ्यायचं, तुकडे करून त्या नकाशाच्या वळणावर बसवायचं. पूर्वी हा नकाशा पडद्यावर असायचा. सर्जननं पडद्याकडे बघायचं, मग जखमेत बघायचं आणि दोन्ही मनातल्या मनात जुळवायचं. आता नकाशा चष्म्यात असतो. कुठे कापायचं, कुठे थांबायचं, ती रेघ थेट हाडावर उमटते, मांसाआडची रक्तवाहिनीसुद्धा दिसते. रोग्याची मान हलली तरी चित्र ढळत नाही, कारण गालाच्या हाडात टायटॅनियमचे बारीक खिळे बसवलेले असतात आणि त्यांची खूण पकडून चष्मा चेहऱ्याला चिकटून राहतो.

"हाड मी एका मिलिमीटरच्या आत बसवीन," त्या म्हणाल्या. "ओठाच्या नसा मात्र त्याच हाडाच्या आतून आणि कडेनं जातात. त्यांचा शब्द देत नाही."

सूज उतरायला महिने लागतात. घरचे लोक तो चेहरा बघून घाबरतात, रोग्याला ती भीती दिसते आणि तो खचतो. म्हणून शस्त्रक्रियेसाठी तयार केलेलं ते चित्र घरच्यांच्या चष्म्यातही द्यायची पद्धत पडली होती. होणारा चेहरा आधीच दिसला की सगळे धीरानं घेतात. चष्मे तर हल्ली पोस्टमनच्या डोळ्यांवरही असतात. धैर्यशीलसाठी डॉक्टरांनी जास्तीची सोय केली. माझा आवाज पकडून चित्रातले ओठ बरोबर हलतील, म्हणजे त्याचं वाचणं तुटणार नाही. त्यासाठी ऑपरेशनच्या आधी माझं तोंड सगळ्या तऱ्हांनी टिपून घ्यायचं होतं.

त्या दिवशी मी चांगली साडी नेसून गेले. सासूबाईही सोबत होत्या. टिपून घेणारी मुलगी कॅमेऱ्यामागून सांगत होती, आता हे शब्द वाचा, आता हसा. ते झाल्यावर म्हणाली, "आता रागावून दाखवा. मग रडल्यासारखं करा."

"ऑपरेशनच्या तोंडावर रडकं तोंड?" सासूबाई मध्येच म्हणाल्या. "काय बाई हे. अशानं काय शुभ हुतंय व्हय? हसरंच घ्या तिचं."

मलाही ते पटलं, खोटं कशाला सांगू. ऑपरेशन समोर दिसत असताना कोण मुद्दाम रडून दाखवेल? आमच्याकडे लग्नाच्या फोटोतसुद्धा पाठवणीचा हुंदका आला की फोटोग्राफरला थांबवतात. मुलगी म्हणाली, "नंतर नाही हो करता येणार, नंतर चेहरा बदललेला असेल." आम्ही तिला चहा पाजला आणि ते प्रकार वगळायला लावले.

ऑपरेशन झालं. कोल्हापुरात जन्मून पांढरा रस्सा नळीनं प्यायचे दिवस आले. तोंड सुजून दुप्पट, घशातून नुसता घरघराट. धैर्यशील उशाशी बसून माझ्या सुजलेल्या ओठांकडे टक लावून बघायचा आणि त्याला काहीच सापडायचं नाही. मग डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. मी कसंबसं म्हटलं, "पाणी." तो ताडकन उठला, पाण्याचा चमचा माझ्या ओठांना लावला आणि तिथेच हुंदके देऊन रडला. त्या दिवशी मी त्या चष्म्याला मनोमन हात जोडले होते.

हाड ठरल्याप्रमाणे बसलं. मांसाला कुणी विचारलं नव्हतं. सूज उतरली तसा उजवा गाल आत गेला, हनुवटीखाली जाड वण राहिला आणि खालच्या ओठाचा अर्धा भाग लोंबला. त्याला ना स्पर्श कळतो ना तो मिटतो. ओठ मिटल्याशिवाय प, फ, ब, भ, म निघत नाहीत. आणि फलाट, पुणे, पन्हाळा, भुदरगड, मलकापूर अशा नावांच्या जगात मी पोट भरत होते. साहेबांनी सांभाळून घेतलं, मला पासाच्या खिडकीवर बसवलं. तिथे कॉलेजची पोरं रोज माझं खरं तोंड बघतात. चित्र फक्त घरच्यांच्या चष्म्यात उतरतं, आणि धैर्यशील तो आंघोळीला जाताना आणि रात्री दिवा मालवल्यावरच काढायचा. म्हणजे गारगोटीहून येणाऱ्या पोरांना मी कशी दिसते ते माहीत होतं आणि माझ्या नवऱ्याला नव्हतं.

आरशासमोर उभी राहिले तेव्हा मला हे सगळं एकदम कळलं. शब्द त्याच्यापर्यंत पोचत होते, पण धैर्यशील नुसत्या शब्दांवर कधीच जगला नाही. ओठ त्याला अर्धं सांगतात, बाकीचं तो चेहऱ्यावरून घेतो. त्या शांत, हसऱ्या चेहऱ्यानं मी काहीही म्हटलं तरी त्याची थट्टाच होणार. मी कंटाळले, मला जीव नकोसा झालाय, असं मी मध्यंतरी दोनदा म्हणाले होते. दोन्ही वेळा त्यानं मला गुदगुल्या केल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, मग लिहून सांगायचं. कारखान्यात त्याच्या चष्म्यात दुसऱ्यांचं बोलणं अक्षरांत उमटतंच. पण जे शब्द कधी कानावर पडलेच नाहीत, ते अक्षरांवरून ओळखत जाणं त्याला फार जड जातं. मी बोलणार सपाट्यानं, त्याचं वाचून व्हायच्या आत पुढचं वाक्य हजर. "खाली वाचू का तुझ्याकडं बघू?" असं विचारून घरात तो ती अक्षरं बंदच ठेवायचा.

हातांचा रस्ता होता. पासाच्या खिडकीवर कर्णबधिर मुलींचा एक घोळका यायचा. रांगेत उभ्या राहून हातांनी असल्या गप्पा झोडायच्या की माझ्यासारख्या बडबडीला हेवा वाटावा. एकीकडून मी चार खुणा शिकून घेतल्या आणि त्या रात्री जेवताना धैर्यशीलकडे बघून 'अजून वाढू का' असं हातांनी विचारलं.

त्यानं पटकन मान खाली घातली. सासूबाईंनी आमटीची वाटी ताटात ठेवली.

"हर्षदा, हात खाली."

"आई, नुसतं विचारलं."

"ह्या घरात हातवारे न्हाई चालायचे. आरशासमोर बसवून एकेक अक्षर शिकवलंय मी त्याला. ओठाम्होरं कागदाची पट्टी धरायची. 'प' म्हटलं की पट्टी हालली पायजे. न्हाई हालली की परत. हात मांडीखाली दाबून बसवायची मी त्याला. शेजारणी म्हणायच्या, पोराचा जीव घेतीया ही. घेतला तर घेतला. माझ्या पोराला कुणी मुकं म्हणालं न्हाई."

"माझाच 'प' हालत नाही आता, आई."

त्यांनी आमटीची वाटी परत उचलली. मग म्हणाल्या, "चष्मा हाय की."

मला त्यांचा राग करता येईना. त्यांनी आयुष्य त्या पट्टीसमोर घालवलं होतं. धैर्यशील डाव्या हातानं जेवणाचं ताट धरून बसला होता, आणि उजवा हात घास सोडून मांडीखाली गेला होता. चाळिशीला आलेला माणूस.

रविवारी मी सरळ वाट धरली. सासूबाई भाजीला गेल्या होत्या. धैर्यशील खिडकीशी बसून फोनवर लेथचे व्हिडिओ बघत होता. मी त्याच्या पुढ्यात बसले आणि दोन्ही हातांनी त्याचा चष्मा अलगद काढला. त्यानं काढू दिला. बऱ्याच दिवसांनी तो मला बघत होता.

"मी मजेत नाही," मी म्हटलं.

त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "परत."

"मी मजेत नाही. मला रोज राग येतो. तुला दिसत नाही."

"परत. हळू."

मी हळू म्हटलं, तोंड मोठं उघडून म्हटलं, चांगल्या बाजूनं म्हटलं. तो पुढे वाकला. त्याची नजर माझ्या ओठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत होती आणि मधेच घसरत होती. हे तोंड रागावलंय, की दुखतंय, की नुसतंच वाकडं आहे, हे त्याला उमगत नव्हतं. मला वाटत होतं की खरं तोंड दिसलं की झालं, पुढचं तो ओळखेल. तो ओळखत नव्हता. शाळेत फळ्यापुढे उभं केलेल्या मुलासारखा तो घामाघूम झाला.

"लाव," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"लाव, हर्षदा. चष्मा काढला की मी बहिरा होतो." त्याचा आवाज वर गेला, त्याला ते कळत नव्हतं. "बाहेर बहिरा आहे मी. कारखान्यात, बाजारात, सगळीकडं. घरात नव्हतो. तुझ्यासमोर कधी नव्हतो."

 आमचं लग्न ठरलं तेव्हा नात्यातले सगळे हसले होते की बहिऱ्या मुलाला बडबडी बायको मिळाली. पण मी दिवसभर स्टँडवर भोंग्यातून बोलून यायचे, तिथे कुणाचं लक्ष नसायचं, आणि घरी एक माणूस माझा एकेक शब्द डोळ्यांनी उचलून घ्यायचा. त्याच्याइतकं मला कुणी ऐकलेलं नाही. मी माझ्याच हातांनी चष्मा त्याच्या कानांमागे अडकवला.

"मी मजेत नाही," मी पुन्हा म्हटलं.

"हां, आता कळलं," तो खुशीत म्हणाला. "सूज आहे म्हणून तसं वाटतं गं. उतरेल."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी मिरज गाठली. डॉक्टर मुजावरांना म्हटलं, ते खिळे काढून टाका. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. माझं बोलणं त्यांना कळतं, असली बोलणी त्या रोज ऐकतात.

"खिळे नाही काढता येणार," त्या म्हणाल्या. "दात बसवायचे आहेत अजून, आणि गाठ परत येते का ते वर्षानुवर्षं बघावं लागेल. पण खिळे काढायची गरजच नाही. चित्र तुमच्या संमतीवर चालतं. तुमच्या फोनवरून एकदा नको म्हटलंत की कुणाच्याच चष्म्यात दिसणार नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

मला मोकळं वाटायला हवं होतं. उलट दार बाहेरून लावलेलं नाही, कडी आपल्याच हातात आहे, हे कळल्यावर जास्त गुदमरायला झालं. दुसऱ्या कुणी मला कोंडलं असतं तर मी भांडले असते. इथे सुटायचं तर नवऱ्याला बहिरा करून सुटायचं होतं.

"त्यात राग घालता येणार नाही का?" मी विचारलं. "आणि रडणं?"

"तुमचा राग आमच्याकडे नाही. दुसऱ्या बायकांचे आहेत, त्यांची सरासरी काढून तुमच्या तोंडावर बसवता येईल. बरेच जण घेतात."

"म्हणजे रागावणार मी आणि दिसणार भलतीच बाई."

त्या हसल्या नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाल्या, "खरं सांगू? ऑपरेशनच्या वेळी तुमचा चेहरा मीही नीट बघितला नाही. सगळा वेळ रेघांवरच डोळे होते. रेघ इतकी स्पष्ट असली की खालचं माणूस दिसेनासं होतं. तुमच्या यजमानांना दोष कसा देऊ मी?"

परत येताना गाडीत फोन हातात धरून बसले होते. बटण छोटंसं, हिरवं. मी ते दाबलं नाही. नंतरचे सगळे दिवस ते बटण माझ्यासोबत होतं, पोळ्या लाटताना, पास देताना. घरात मी गप्प राहायला लागले. मी बोलले नाही की चित्रातले ओठ मिटून मंद हसत राहायचे, त्यामुळे धैर्यशीलला वाटायचं, बायको समाधानी आहे. तो सासूबाईंना तसं सांगायचा. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नसायचा, त्यांना माझं तोंड दिसायचं, पण त्याही मान डोलावायच्या.

ऋतुजाचा फोन आला. "दाजी म्हणतात तू एकदम खुशीत असतीस. मग मला का टाळतीस, ताई? माझ्याच घरी यायला तुला जड होतंय का? मला दिवस गेलेले तुला बघवत नाहीत का?"

आम्हाला मूल नाही. ती असं बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी समजवायला गेले, पण फोनवर माझं बोलणं तिला अर्धवटच कळत होतं, आणि दाजींचा मेसेज मात्र स्वच्छ अक्षरांत तिच्यासमोर होता. ती रडायला लागली. मीही. धैर्यशील समोर बसून माझे लाल झालेले डोळे बघत होता.

"कांदा?" त्यानं विचारलं.

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी त्यानं नवा शर्ट घातला होता. कपाटातून माझी अंजिरी पैठणी काढून पलंगावर पसरली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात खणानारळाची पिशवी भरत होत्या.

"मी येत नाही," मी म्हटलं.

"चल, चल. नखरे नको." तो हसत पैठणीची घडी मोडू लागला.

"मला तिथं तोंड दाखवायचं नाही. जिला बघून तू हसतोस ती मी नाही. माझं तोंड तू बघतच नाहीस. मी या घरात मरून चाललेय आणि तू साडी काढतोयस."

असलं भाषण त्याच्यासमोर त्या हसऱ्या ओठांनी झालं. त्याला ते काय वाटलं असेल? नवऱ्याला नाटकी ऐकवून दाखवणारी बायको. त्यानं पैठणीचा पदर माझ्या खांद्यावर टाकला, मागे होऊन बघितलं आणि म्हणाला, "मस्त दिसतीस."

त्याच्या डोळ्यांत माया होती. ती माझ्यासाठी नव्हती. मी त्या क्षणी त्याचा जेवढा द्वेष केला तेवढा कुणाचाच केलेला नाही, आणि त्या बाईचा त्याहून जास्त. मी फोन उचलला.

"आता मी ते तोंड बंद करणार आहे," मी म्हटलं. सांगून केलं, चोरून नाही. "मग आपल्या नशिबात असेल ते."

"बघू," तो थट्टेनं म्हणाला.

मी बटण दाबलं.

त्याच्या ओठांवरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्यानं चष्मा काढला, नव्या शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत लावला. समोर मीच होते. माझा ओठ लोंबत होता, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, वण लाल झाला होता, आणि अंगावर पैठणीचा पदर. मी त्याला पूर्ण बघू दिलं.

"हर्षदा," तो म्हणाला. "गेली. चित्र गेलं. चालू कर."

मी मानेनं नाही म्हटलं. चष्म्याच्या कडेला हात नेऊन त्याची अक्षरं सुरू करून दिली. त्याला अगदीच बिनआधार सोडायचं नव्हतं. मग एकेक शब्द तोडून म्हटलं, "हे माझं तोंड आहे. हे रागावलंय."

काचेवर ते उमटलं असेल. तो वाचत होता, डोळे खाली, मग माझ्याकडे, मग परत खाली. शेवटच्या शब्दाशी आला तेव्हा त्यानं वर बघितलं. त्याला कळलं. माझ्या तोंडावर काय आहे हे या खेपेला त्याला नक्की कळलं, मी त्याची बायको आहे, मला ते दिसलं. आणि त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

ऐकू येणाऱ्या माणसानं डोळे मिटले तर आपण हाक मारू शकतो. मी त्याच्या खांद्याला हात लावला, तो त्यानं झटकला नाही, पण पापण्या उघडल्या नाहीत. चाळीस वर्षांचा माणूस पलंगाच्या कडेला बसला आणि त्याचे दोन्ही हात मांडीखाली गेले.

"लाव की गं बाई," सासूबाई दारातून म्हणाल्या. पिशवी त्यांच्या हातातच होती. "असं नको करू त्याला. मला पाया पडाय लावतीस काय?"

धैर्यशीलला त्या बोलल्याचंही कळलं नाही. डोळे मिटूनच त्यानं विचारलं, "चालू केलंस?"

"नाही," मी म्हटलं.

त्याच्या डोळ्यांसमोरच्या काचेवर तो शब्द उमटला असणार. वाचायला डोळे उघडायला हवे होते. तो वाट बघत राहिला. जरा वेळानं पुन्हा विचारलं, "केलंस?"

"नाही," मी पुन्हा म्हटलं, त्याला आणि दारात उभ्या असलेल्या त्याच्या आईलाही. मग पैठणीचा पदर खांद्यावरून काढून ठेवला, खुर्ची ओढली आणि त्याच्या अगदी समोर, तो डोळे उघडेल तेव्हा दुसरं काही दिसणार नाही अशी बसून राहिले.